कावा विकत घेण्याआधी: मूळ, पावडर, मायक्रोनाइज्ड की इन्स्टंट?

'कावा' म्हटलं की आपल्याला आधी गनिमी आठवतो. मी फिजीच्या राजधानीला, सुवाला, नोकरीसाठी निघालो तेव्हा घरच्यांनाही तसंच वाटलं, आणि एका काकांना तर हा काश्मिरी कहवा वाटला. दोन्ही नव्हे. फिजीतला कावा म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या एका झुडपाचं मूळ. ते कुटायचं, पाण्यात मळायचं, गाळायचं आणि नारळाच्या करवंटीतून प्यायचं. इथले लोक त्याला यंगोना म्हणतात आणि गिरमिटियांची, म्हणजे इंग्रजांनी करारावर मजूर म्हणून आणलेल्या भारतीयांची, नातवंडं-पणतवंडं 'ग्रॉग'. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात हे झाड मिरवेल, पिंपळी आणि आपल्या विड्याच्या पानाच्या नागवेलीचं चुलत भावंड. वास घेतलात तर मिरीची ओळख लगेच पटते, चव घेतलीत तर ओल्या मातीची.

सुवात किंवा नांदीत नव्याने आलेल्या आणि ऑकलंड-सिडनीच्या फिजी-इंडियन दुकानांत पाकिटं चाळत उभ्या राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. पहिल्या तीन महिन्यांत मी पाच प्रकारची पाकिटं आणली, त्यातली दोन फेकली आणि एका सज्जन दुकानदाराशी विनाकारण भांडलो. तुमचं तेवढं तरी वाचावं.

जवळ काय हवं

- स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा
- चक्का टांगायचं फडकं. श्रीखंडाचं जुनं, मऊ, घट्ट विणीचं असेल तर उत्तम.
- मोठं पातेलं आणि मापाचा पेला
- वही. 'लक्षात राहील' असं मलाही वाटलं होतं.
- तुम्ही घेत असलेल्या औषधांची यादी

१. आधी तब्येत, मग बाजार

यकृताचा कुठलाही जुना त्रास असेल, गरोदरपण असेल, बाळ अंगावर पीत असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. झोपेच्या, फेफऱ्याच्या, नैराश्याच्या किंवा पार्किन्सनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. कावा आणि दारू एका संध्याकाळी नको. प्यायल्यावर गाडी चालवायची नाही. डोकं साफ वाटतं, पण हातपाय सैल पडलेले असतात.

रोज भरपूर पिणाऱ्यांची कातडी कोरडी पडून खवले धरते. फिजीत त्याला 'कानीकानी' म्हणतात. सोडल्यावर कातडी पूर्ववत होते, पण तिथवर जायचंच कशाला?

२. झाडाचा कोणता भाग आहे, ते विचारा

नवखा माणूस पाकिटावरचं नाव वाचतो. जाणता विचारतो, "वाका की लेवेना?" मला हा प्रश्न विचारायला शिकायला दोन महिने लागले.

'वाका' म्हणजे बुंध्यातून बाजूला पसरलेली बारीक मुळं. जोर सगळ्यात जास्त, किंमतही. 'लेवेना' म्हणजे जमिनीतला जाडजूड गड्डा, सोलून चकत्या करून वाळवलेला. चव मवाळ, जोर कमी. 'कासा' म्हणजे जमिनीवरचं खोडाचं बूड, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलकं. गड्डा सोलताना निघालेल्या सालीही वेगळ्या विकल्या जातात. बारीक दळल्यावर हे चारही डोळ्यांना जवळपास सारखेच दिसतात, आणि कावेबाजीला इथेच जागा मिळते. वाकाच्या पावडरीत कासा आणि साली मिसळल्या तर नवख्याला पत्ता लागत नाही, फक्त 'आज काही लागलंच नाही' असं वाटतं.

म्हणून पाकिटावर नुसतं 'शुद्ध फिजी कावा' लिहिलं असेल तर त्याला अर्थ नाही. कुठला भाग, कुठल्या बेटावरचा आणि झाड किती वर्षांचं, हे तीन प्रश्न विचारा. तीन वर्षांच्या आतलं झाड कोवळं समजतात. बेटांमध्ये कडावूचं नाव मोठं आहे. फिजीत 'ड'चा उच्चार 'न्ड' होतो, त्यामुळे बाजारात ते 'कंदावू' असं ऐकू येतं. मी आधी हा कांद्याचाच काही प्रकार समजलो होतो.

३. नोबल की टुडे

कावाच्या जातींचे ढोबळ दोन गट. रोजच्या पिण्यातल्या जातींना 'नोबल' म्हणतात. दुसरा गट 'टुडे', म्हणजे ज्याचा अंमल दोन दिवस उतरत नाही तो. मळमळ, जड डोकं, दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेंगणं हे टुडेचे गुण. शेजारच्या वानुआतू या बेटांच्या देशाने २००२ च्या कायद्याने नोबल सोडून इतर कावाच्या निर्यातीला बंदी घातली, ती उगाच नाही. टुडेची झाडं जोमाने वाढतात आणि जोरही भरपूर असतो, त्यामुळे 'सगळ्यात स्ट्राँग' अशी जाहिरात दिसली की माझे कान टवकारतात.

चांगला विक्रेता 'केमोटाइप' नावाचा सहा आकड्यांचा क्रमांक देतो. कावातले अंमल देणारे घटक म्हणजे कावालॅक्टोन. त्यातले मुख्य सहा, प्रत्येकाला १ ते ६ मधला एक आकडा, आणि ज्याचं प्रमाण जास्त तो आधी लिहायचा. ४ म्हणजे कावाइन, २ म्हणजे डायहायड्रोकावाइन. क्रमांक ४२ किंवा ४६ ने सुरू होत असेल तर तो बहुधा नोबल. २५ ने सुरू झाला तर पाकीट परत ठेवा.

४. रूपं ओळखा

*सुकी अखंड मुळं.* सुवाच्या म्युनिसिपल मार्केटच्या वरच्या मजल्यावर जा. जिना चढतानाच मसाल्याचा आणि मातीचा मिश्र वास येतो. वर टेबलांवर मुळांच्या जुड्या, बाजूला पावडरीच्या पिशव्या, आणि "कौंची मांगता?" असं विचारणारे विक्रेते. एक मूळ उचला आणि मोडा. नीट वाळलेलं मूळ कट् असा आवाज करून तुटतं, ओलसर असेल तर वाकतं. ओल्या मुळात तुम्ही पाण्याचे पैसे देता आणि वर बुरशीही विकत घेता. तुटलेल्या तोंडाशी रंग फिका, मलईसारखा हवा. सुरकुत्यांत पांढरी किंवा हिरवट भुकटी दिसली तर पुढच्या टेबलाकडे वळा.

अखंड मुळाचा मोठा फायदा म्हणजे भेसळीला वाव नाही. काही जण तिथेच समोर कुटून देतात. नसतील देत तर घरचा मिक्सर वाचवा. मी माझ्या मिक्सरचं पातं या मुळांवर घालवलंय. लोखंडी खलबत्ता हवा. इथे संध्याकाळी गल्लीतून त्याचा ठण-ठण आवाज येतो आणि कुणाकडे बैठक आहे ते कळतं.

गावात पाहुणे म्हणून जाणार असाल तर प्रश्नच नाही, मुळांची जुडीच न्यायची. अर्धा किलोची, कागदात बांधलेली. ती गावच्या प्रमुखापुढे ठेवण्याच्या रिवाजाला 'सेवुसेवू' म्हणतात. तिथे पावडरीचं पाकीट पुढे करणं म्हणजे आपल्याकडे ओटीत नारळाऐवजी खोबऱ्याचा कीस घालण्यासारखं.

*साधी पावडर.* नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. हिच्यात मुळाचा चोथा तसाच असतो, म्हणून गाळल्याशिवाय प्यायची नाही. माझी पद्धत: दोघांसाठी ५० ग्रॅम पावडर फडक्यात बांधायची, पातेल्यात पाऊण लिटर गार किंवा कोमट पाणी घ्यायचं आणि पुरचुंडी पाण्याखाली धरून दहा मिनिटं कणीक मळावी तशी मळायची. पाणी आधी फिकट होतं, मग गढूळ, मग नदीला पहिला पूर आल्यावर दिसतं तसं. शेवटी घट्ट पिळायचं. उकळतं पाणी वापरू नका, नाहीतर मुळातलं पीठ शिजून खळ होते. मी पहिल्याच दिवशी चहासारखं उकळलं आणि फडकं टाकून द्यावं लागलं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्यामुळे पुढची सगळी तुलना सोपी होते. कावालॅक्टोन पाण्यात विरघळत नाहीत, बारीक कण होऊन नुसते तरंगतात. म्हणून तर फिजीत तानोआ नावाच्या लाकडी पात्रातून प्रत्येक बिलो, म्हणजे करवंटी, भरण्याआधी ढवळतात. न ढवळता प्यायलात तर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ.

*मायक्रोनाइज्ड.* यात जाड चोथा काढून उरलेलं मूळ इतकं बारीक दळतात की गाळायची गरज नसते. पाण्यात घाला, हलवा, प्या. ऑफिसातून थकून आलेल्या माणसाला हे बरं वाटतं. पण मूळच पोटात जात असल्याने काहींना मळमळतं. माझ्या बायकोला साधा कावा चालतो, हा चालत नाही. यातली खोच अशी की 'मायक्रोनाइज्ड' हा शब्द वाटेल त्या बारीक पावडरीवर छापला जातो. चिमूटभर दोन बोटांत चोळून बघा. मैद्यासारखं लागलं तर ठीक, रवाळ किंवा धाग्यांसारखं लागलं तर ती साधीच पावडर आहे आणि गाळावीच लागेल.

*इन्स्टंट.* मुळं मळून, गाळून काढलेला रस वाळवला की इन्स्टंट कावा झाला. चोथा नाही, त्यामुळे पोटाला हलका, प्रवासाला सोयीचा आणि सगळ्यात महाग. दुकानदार साधी किंवा मायक्रोनाइज्ड पावडरही 'इन्स्टंट' म्हणून देतात, तेव्हा घटकांच्या यादीत 'वाळवलेला रस' असा अर्थ निघतो का ते पाहा. माल्टोडेक्स्ट्रिन (भरीला घालतात ती पिठापासूनची भुकटी) किंवा साखर वरच्या क्रमांकावर असेल तर तुम्ही कावा नाही, तेच विकत घेताय.

*ओला कावा.* हा वानुआतूचा खेळ. तिथल्या नाकामालमध्ये, म्हणजे कावाच्या ओसरीत म्हणा ना, ताजं मूळ किसून-दळून संध्याकाळी पितात. फिजीच्या सुक्या कावाची सवय असलेल्या माणसाने तिथे सवयीप्रमाणे सहा करवंट्या मागू नयेत, दोनात खाली बसायला होतं. ताजं मूळ टिकत नाही. बाहेरदेशी ते गोठवलेलं मिळतं. वाटेत एकदा वितळून पुन्हा गोठलेलं असेल तर पिशवीत बर्फाचे मोठे खडे दिसतात.

*कॅप्सूल, अर्क, बाटलीबंद पेयं.* घेऊ नका. निदान पहिलं वर्ष तरी. मुळाचा पाण्यातला कावा आणि अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन वापरून काढलेला घट्ट अर्क या वेगळ्या वस्तू आहेत. जर्मनीने २००२ मध्ये यकृताच्या तक्रारींवरून कावाच्या औषधांचे परवाने काढून घेतले तेव्हा बाजारात मुख्यतः असेच अर्क होते. २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, वाद मात्र मिटला नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या अन्नसंहितेत पेय म्हणून मान्य आहे तो फक्त गार पाण्यातला मुळांचा कावा, यावरून काय ते समजा. अमेरिकेतल्या काही रंगीत बाटल्यांत कावासोबत क्रॅटम नावाचं भलतंच पान मिसळलेलं असतं आणि ते सवय लावतं. लेबल शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

५. एका वेळी एकच गोष्ट बदला

मी पहिल्यांदा कडावूची वाका पावडर आणि तावेउनीचा मायक्रोनाइज्ड लेवेना शेजारी ठेवून 'पावडर चांगली' असा निकाल दिला. बेट वेगळं, भाग वेगळा, दळण वेगळं. कशाचा निकाल लागला, देव जाणे.

एकाच विक्रेत्याकडून, एकाच बेटाचा, एकाच भागाचा कावा दोन रूपांत घ्या, प्रत्येकी १०० ग्रॅमच. वेगवेगळ्या संध्याकाळी, जेवणानंतर तीन-चार तासांनी, सारख्या पाण्यात करा. वहीत चार गोष्टी लिहा: जीभ बधिर व्हायला किती वेळ लागला, पोट कसं होतं, झोप कशी लागली, सकाळी कसं वाटलं. सकाळचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. टुडे तिथेच पकडला जातो.

आणखी एक, पहिल्या दोन-तीन वेळा अनेकांना काहीच जाणवत नाही. याला माल वाईट म्हणू नका आणि मात्राही दुप्पट करू नका. कुणाच्या बैठकीत बसलात तर करवंटी भरण्याआधी विचारतील, "हाय टाइड की लो टाइड?" नवख्याने 'लो टाइड' म्हणावं, म्हणजे अर्धी.

६. घरची तपासणी, आणि माझी फजिती

आपल्याकडे खवा-पनीरमध्ये पीठ मिसळलंय का ते पाहायला आयोडीनचा थेंब टाकतात. निळं झालं की भेसळ. मी तीच अक्कल इथे वापरली. पावडरीवर थेंब टाकला, गर्द निळी-काळी झाली. पिशवी आणि आयोडीनची बाटली घेऊन तरातरा दुकानात गेलो. दुकानदार काका साठीचे, पणजोबा गिरमिटावर आलेले. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, मागच्या पोत्यातून वाकाचं अखंड मूळ काढलं, माझ्यासमोर मोडलं आणि बाटलीसाठी हात पुढे केला. तुटलेल्या मुळावर थेंब पडला. तेही निळं.

वाळलेल्या कावाच्या मुळात चाळीस टक्क्यांच्या आसपास पीठच, म्हणजे स्टार्च असतं. आयोडीन इथे काही सांगूच शकत नाही. काका हसले नाहीत, म्हणून जास्त लाजलो. पुढची दोन वर्षं त्यांच्याकडूनच घेतलं.

मग उपयोगी काय?

- जीभ: चांगल्या कावाने मिनिटा-दोन मिनिटांत ओठ आणि जिभेचं टोक बधिर होतं, लवंग धरल्यासारखं. पीठ मिसळलेला किंवा जुना माल जीभ हलवत नाही.
- नाक: मिरी आणि माती. कुबट, पोत्यासारखा वास आला तर ओल लागलेली आहे.
- फडकं: पिळून झाल्यावर उरलेला चोथा उघडून बघा. मुळाचा चोथा केसाळ, मऊ असतो. लाकडाच्या भुशासारखे टोचरे कण भरपूर दिसले तर त्यात खोड आहे.
- अ‍ॅसिटोन: थोडी पावडर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये हलवून ठेवली की नोबलचा द्रव पिवळा आणि टुडेचा नारिंगी-लालसर दिसतो. रंगीत, सुगंधी नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही. खिडकी उघडी, गॅस बंद, काचेची बाटली. तपासलेला नमुना फेकून द्यायचा. रंगाचा अंदाज चुकू शकतो, म्हणून नोबल असल्याची खात्री असलेला एक नमुना शेजारी ठेवूनच बघा.

७. भाव किलोमागे नको, बैठकीमागे काढा

आकडे मांडणीपुरते घेतोय. समजा साधी वाका पावडर १०० ग्रॅमला १२ डॉलर आणि एका बैठकीला ५० ग्रॅम लागली, तर ६ डॉलर. मायक्रोनाइज्ड १०० ग्रॅमला २४ डॉलर, पण २० ग्रॅममध्ये भागलं, तर ४.८०. इन्स्टंट १०० ग्रॅमला ६० डॉलर, १५ ग्रॅम लागली, तर ९. आणि ती 'स्वस्त' मिश्र पिशवी १०० ग्रॅमला ७ डॉलरची, पण तेवढ्याच परिणामाला ९० ग्रॅम ओतावी लागली, तर ६.३०. स्वस्त कुठे राहिली? किती ग्रॅम लागतात हे तुमच्या वहीतून काढा, पाकिटावरच्या सूचनेवरून नको.

भाव एका वर्षात खूप हलतो, तेव्हा कुणी 'मागच्या वर्षी एवढ्याला मिळायचा' म्हटलं तर वाद घालू नका. झाड तयार व्हायला वर्षं लागतात. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन चक्रीवादळाने मळेच्या मळे झोपवले तेव्हा भाव चढले, आणि नवी लागवड हाती यायला मधली वर्षं जावीच लागली.

८. ऑनलाइन घेताना मागायचे कागद

समोर मूळ मोडून बघता येत नाही, म्हणून कागद हवा. ज्या लॉटचं पाकीट आहे त्याच लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. त्यात कावालॅक्टोनचं एकूण प्रमाण, केमोटाइप, ओलाव्याची टक्केवारी, जड धातू आणि जंतूंची तपासणी असावी. लॉट नंबर पाकिटाशी जुळतो का ते बघा. तीन वर्षांपूर्वीचा एकच अहवाल सगळ्या मालाला चिकटवणारे विक्रेते मी पाहिलेत. प्रमाणाचा आकडा 'कच्च्या मुळात' आहे की 'अर्कात', तेही विचारा. वाळलेल्या मुळात तो साधारण ३ ते २० टक्क्यांच्या दरम्यान असतो. साध्या पावडरीवर कुणी ३० टक्के छापलं तर ती साधी पावडर नाही.

९. साठवण आणि बॅगेतला कावा

सुवाची हवा म्हणजे बारमाही कोकणातला श्रावण. पिशवी उघडी राहिली की आठवड्यात गुठळ्या. काचेची घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, अंधारं कपाट. तयार केलेला कावा उरला तर फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत, त्यापुढे आंबतो.

ऑस्ट्रेलियात जाताना १८ वर्षांवरच्या प्रवाशाला सोबतच्या सामानातून स्वतःसाठी ४ किलोपर्यंत नेता येतो. डिसेंबर २०१९ पर्यंत ही मर्यादा २ किलो होती. मूळ किंवा सुकी पावडर चालते. निघण्याआधी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर चालू नियम एकदा वाचा, कारण नॉर्दर्न टेरिटरीत निर्बंध वेगळे आणि कडक आहेत. पाकीट मूळ लेबलासह, सीलबंद ठेवा. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलेली करडी भुकटी कुठल्याही अधिकाऱ्याला समजावून सांगणं अवघड जातं. भारतात येताना वनस्पतीजन्य सामानाचे क्वारंटाइन नियम लागू होतात, तेव्हा आधी चौकशी केल्याशिवाय बॅगेत टाकू नका. आणि विमानातल्या जाहीरनाम्याच्या कार्डावर 'होय' वर खूण करा. मी सिडनीला उतरलो तेव्हा माझ्या पुढच्या माणसाने केली नव्हती, आणि कुत्रा त्याच्या बॅगेपाशी शेपूट हलवत शांतपणे खाली बसला.